हृदयाच्या पेशींतील खुला डीएनए : जगाचे नकाशे आणि गोव्याची रिकामी जागा

माणसाच्या हृदयातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात तोच डीएनए असतो: सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर, त्याची एक प्रत आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. तरीही जन्मभर आकुंचन पावत राहणारी स्नायुपेशी, रक्तवाहिनीला आतून अस्तर घालणारी अंतस्तर पेशी, इजा झालेल्या जागी व्रणाचे तंतू निर्माण करणारी फायब्रोब्लास्ट पेशी आणि मृत पेशींचा निचरा करणारी मॅक्रोफेज पेशी यांची कामे एकमेकींशी जराही जुळत नाहीत. एकाच पोथीच्या प्रती चार घरांत असाव्यात आणि प्रत्येक घरी वेगळाच अध्याय वाचायला काढलेला असावा, तसा हा प्रकार आहे. केंद्रकात मावण्यासाठी सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो. अशा प्रत्येक गोळ्याभोवती सुमारे १४७ अक्षरांचा वेढा बसतो, त्या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात, आणि डीएनए व प्रथिने मिळून जे द्रव्य बनते त्याला क्रोमॅटिन. जिथे वेढे दाट असतात तिथे डीएनए वाचणाऱ्या प्रथिनांना शिरकाव नसतो. जिथे ते सैल झालेले किंवा सरकलेले असतात तिथे जनुकाच्या आरंभाशी असलेला प्रमोटर आणि जनुकापासून कित्येकदा हजारो अक्षरे दूर राहून त्याचे काम वाढवणारा एन्हान्सर हे दोन प्रकारचे नियंत्रक तुकडे उघडे पडतात. कोणत्या पेशीत कोणते तुकडे उघडे आहेत याची नोंद म्हणजे त्या पेशीच्या स्वभावाचीच नोंद, आणि मानवी हृदयाची अशी नोंद पेशीनिहाय करण्याचे काम गेल्या काही वर्षांत वेगाने पुढे गेले आहे. त्या कामाचा आढावा पुढे घेतला असून, गोव्याच्या पेडणे तालुक्यातील तुये येथील रुग्णालयात छातीची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाच्या हृदयाविषयी हे जागतिक नकाशे कितपत बोलतात, हा प्रश्न सबंध विवेचनात समोर ठेवला आहे.

या नोंदीची निकड आनुवंशिकीच्या एका अडचणीतून निर्माण झाली. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसे यांच्या डीएनएतील लक्षावधी ठिकाणची अक्षरे ताडून पाहणाऱ्या अभ्यासांतून २००७ मध्ये दोन महत्त्वाचे निष्कर्ष पुढे आले. नवव्या गुणसूत्राच्या ९पी२१ या पट्ट्यातील काही अक्षरभेद करोनरी धमन्यांच्या रोगाशी निगडित निघाले, आणि चौथ्या गुणसूत्रावर पीआयटीएक्स२ या जनुकाच्या शेजारचे काही भेद एट्रियल फिब्रिलेशनशी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, अलिंदांच्या, अनियमित थरथरीशी. हे दोन्ही पट्टे प्रथिन बनवण्याची आज्ञा असलेल्या मजकुराबाहेर पडतात. पुढे अशा संबंधांची संख्या वाढत गेली, तेव्हा २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने दाखवले की रोगांशी व गुणांशी जोडल्या गेलेल्या अशा भेदांपैकी सुमारे ९३ टक्के भेद प्रथिनांच्या मजकुराबाहेरचे आहेत. शेजारशेजारची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच पुढे जात असल्यामुळे एका संशयित पट्ट्यात दहा-वीस, कधी शंभर भेद सारखेच दोषी दिसतात. त्यांतला खरा कोणता, तो कोणत्या जनुकावर परिणाम करतो आणि तो परिणाम हृदयाच्या कोणत्या पेशीत होतो, हे तिन्ही प्रश्न संख्याशास्त्राने सुटत नाहीत. स्नायुपेशीत उघड्या असलेल्या एन्हान्सरमध्ये नेमका एकच संशयित भेद पडत असेल, तर मात्र शोधाला दिशा मिळते.

उघडा डीएनए शोधण्याची कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकातच डीएनएज-१ या डीएनए कापणाऱ्या विकराने केंद्रकातील द्रव्य हलकेच कापले असता सक्रिय जनुकांच्या आसपासचा भाग आधी तुटतो, असे दिसले होते. पण त्या पद्धतीला कोट्यवधी पेशी लागत. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेसन बुएनरोस्त्रो, विल्यम ग्रीनलीफ, हॉवर्ड चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एटॅक-सीक ही पद्धत मांडली आणि ही मर्यादा हजारो पेशींपर्यंत खाली आली. तिचा आधार टीएन५ नावाचा विकर आहे. जीवाणूंमध्ये हा विकर डीएनएचा एक तुकडा उचलून दुसरीकडे रोवण्याचे काम करतो. प्रयोगशाळेत त्याच्या अंगावर आधीच वाचनयंत्राला ओळखता येतील असे छोटे डीएनए-तुकडे चढवलेले असतात, त्यामुळे तो जिथे उघडा डीएनए सापडेल तिथे एकाच क्रियेत काप घेतो आणि ओळखखूण रोवतो. दोन जवळच्या कापांमधला तुकडा मग वाचला जातो. या तुकड्यांच्या लांबीतच एक सुंदर पुरावा असतो: शंभरेक अक्षरांपर्यंतचे तुकडे मोकळ्या जागेतून आलेले असतात, तर दोनशेच्या आसपासचे आणि त्याच्या पटीतले तुकडे एक, दोन, तीन न्यूक्लिओसोमना वळसा घालून आलेले असतात, आणि आलेखावर हे उंचवटे ठरावीक अंतराने उमटतात. नमुना नीट हाताळला गेला आहे की नाही हे अनुभवी संशोधक या आलेखाच्या आकारावरून पहिल्या नजरेत ओळखतो.

तरीही ऊतकाचा तुकडा एकत्र वाटून केलेल्या मोजमापात सर्व पेशींची सरासरी येते, आणि हृदयासारख्या मिश्र अवयवात सरासरी फसवी असते. रोगात फायब्रोब्लास्ट वाढल्या की स्नायुपेशींत काहीच बदलले नसले तरी आलेख बदलतो. २०१५ मध्ये दोन वेगळ्या वाटांनी ही मोजणी एकेका पेशीवर आली. बुएनरोस्त्रोंच्या गटाने सूक्ष्म नलिकांच्या चकतीत एकेक पेशी वेगळी अडकवली. जे शेंडुरे यांच्या सिएटलमधील गटाने हजारो केंद्रके अनेक खोलग्यांत वाटून प्रत्येक खोलग्याची खूण लावायची, सर्व मिसळून पुन्हा वाटायची आणि दुसरी खूण लावायची, अशी युक्ती केली, ज्यामुळे खुणांच्या जोडीवरून प्रत्येक केंद्रक ओळखता येते. आज बहुतेक प्रयोगशाळा तेलातील सूक्ष्म थेंबांत एकेक केंद्रक पकडणारी तयार यंत्रे वापरतात, आणि त्यांतली काही एकाच केंद्रकातून उघडा डीएनए आणि जनुके वाचली जाऊन त्या वेळी तयार होत असलेला आरएनए असे दोन्ही मोजतात.

हृदय या पद्धतीला सहजासहजी वश होत नाही. प्रौढ माणसाची निलयातील, म्हणजे खालच्या कप्प्यांतील, स्नायुपेशी शंभर मायक्रोमीटरहून लांब असते, ती थेंबाच्या नळीतून जात नाही. शिवाय गोठवलेल्या ऊतकातून अखंड पेशी सुटी करता येत नाही. म्हणून पेशीऐवजी केंद्रकेच वेगळी काढली जातात, आणि पेशीनिहाय म्हणवल्या जाणाऱ्या हृदयाच्या बहुतेक नकाशांत प्रत्यक्षात केंद्रके मोजलेली असतात. अनेक स्नायुपेशींच्या केंद्रकात गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार किंवा अधिक संच असतात, तेव्हा दोन केंद्रके चुकून एका थेंबात आली आहेत की एकाच केंद्रकात जास्त डीएनए आहे, हा भेद यंत्राला सहज करता येत नाही. त्याहून मोठी कटकट मायटोकॉन्ड्रियाची आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि त्याच्याभोवती हिस्टोनचे वेढे नसतात. अखंड धडधडणाऱ्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असल्यामुळे केंद्रके स्वच्छ धुतली गेली नाहीत, तर टीएन५ त्यांच्यावरच तुटून पडतो आणि वाचनाचा मोठा हिस्सा वाया जातो. ज्या तंत्रज्ञाने हृदयाचे ऊतक बर्फावर कुटून, जाळीतून गाळून, पुन्हा पुन्हा धुऊन केंद्रके काढली आहेत, त्याच्या हाताचे कौशल्य या संपूर्ण क्षेत्राच्या निष्कर्षांत मुरलेले आहे, आणि शोधनिबंधांच्या सारांशांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

विश्लेषणाची मूळ अडचण विरळपणाची आहे. एका केंद्रकात प्रत्येक ठिकाणाच्या दोनच प्रती असतात, त्यामुळे एखादी जागा उघडी असली तरी तिथून एखादा तुकडा मिळेल किंवा मिळणारच नाही. एका केंद्रकाच्या नोंदीत उघड्या असलेल्या जागांपैकी थोड्याच जागा दिसतात आणि बाकी सर्वत्र शून्ये असतात. शून्याचा अर्थ जागा बंद होती असा की उघडी असून पकडली गेली नाही असा, हे त्या एका केंद्रकावरून सांगता येत नाही. म्हणून समान नमुन्यांची केंद्रके गणिती पद्धतींनी एकत्र गटांत बांधली जातात, गटाला ओळखीच्या जनुकांवरून स्नायुपेशी, अंतस्तर पेशी, फायब्रोब्लास्ट अशी नावे दिली जातात आणि मग गटाची एकत्रित नोंद वाचली जाते. याचा अर्थ असा की ‘एका पेशीचा नकाशा’ ही प्रसिद्धीतली भाषा सैल आहे. प्रत्यक्षात हाती येतो तो एकेका पेशीप्रकाराचा नकाशा, आणि गट कुठे तोडायचा हा निर्णय संशोधकाचा असतो.

या मर्यादांसह आलेल्या कामांपैकी पायाभूत म्हणावा असा अभ्यास २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील नील ची, बिंग रेन आणि सबास्टियन प्राइस्ल यांच्या गटाने ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध केला. मानवी हृदयाच्या चारही कप्प्यांतील केंद्रके वापरून त्यांनी २,८७,०००हून अधिक संभाव्य नियंत्रक तुकड्यांची नोंद केली आणि त्यांतले कोणते फक्त अलिंदात, कोणते फक्त निलयात, कोणते हृदय निकामी होत असताना बदलतात हे वेगळे केले. या नोंदीवर एट्रियल फिब्रिलेशनचे संशयित भेद ठेवले असता ३८ भेद स्नायुपेशींच्या उघड्या तुकड्यांत पडले. त्यांतले दोन भेद एकाच तुकड्यात होते, आणि तो तुकडा केसीएनएच२ या जनुकाचे नियंत्रण करतो असे पुढच्या प्रयोगांत आढळले. हे जनुक पेशीच्या आवरणातील हर्ग नावाची पोटॅशियमची वाट घडवते. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीची विद्युतस्थिती पूर्ववत करण्यात या वाटेचा मोठा वाटा असतो, आणि नवे औषध या वाटेला अडवत नाही ना याची तपासणी आज औषधनिर्मितीत सक्तीची आहे. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायुपेशींत त्या तुकड्याला धक्का लावला तेव्हा जनुकाचे काम आणि विद्युतस्थिती पूर्ववत होण्याचा काळ, दोन्ही बदलले. लाखोंच्या यादीतून दोन अक्षरे, एक तुकडा, एक जनुक आणि ठोक्यातला एक मोजता येणारा बदल एवढ्यापर्यंत शोध पोहोचला. २००७ मध्ये जे केवळ आकड्यांचे नाते होते त्याला येथे यंत्रणेचे रूप आले, आणि या क्षेत्राने काय साधले असे कोणी विचारले तर हे एक उदाहरण पुरेसे आहे.

धमन्यांचा प्रश्न वेगळ्या ऊतकाचा आहे, कारण हृदयविकाराचा झटका स्नायूत जाणवत असला तरी त्याची तयारी करोनरी धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे चाललेली असते. व्हर्जिनिया विद्यापीठातील क्लिंट मिलर यांच्या गटाने २०२२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये ४१ रुग्णांच्या करोनरी धमन्यांतील २८,३१६ केंद्रकांचा अभ्यास मांडला. त्यात १४ पेशीगट आणि सुमारे ३,२०,००० उघड्या जागा नोंदल्या गेल्या. धमनीच्या भिंतीतील गुळगुळीत स्नायुपेशी आपला मूळ स्वभाव सोडून तंतू निर्माण करणाऱ्या पेशींसारख्या होऊ लागतात, त्या संक्रमणावस्थेतील तुकडे हाती आले, आणि एमआरएएस व लिपा या दोन जनुकांजवळचे धोक्याचे भेद अनुक्रमे गुळगुळीत स्नायुपेशींत आणि मॅक्रोफेजमध्ये काम करत असावेत असे सूचित झाले. त्याच वर्षी जर्मनीतील राफाएल क्रामान, इव्हान कोस्टा आणि हुलिओ साएझ-रोद्रिगेझ यांच्या गटांनी ‘नेचर’मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या मानवी हृदयाचा, २३ व्यक्तींच्या ३१ नमुन्यांवर आधारलेला, त्रिविध अभ्यास प्रसिद्ध केला: उघडा डीएनए, आरएनए आणि ऊतकाच्या कापातील पेशींचे प्रत्यक्ष स्थान. रक्तपुरवठा तुटलेला भाग, त्याची सीमा आणि दूरचा निरोगी दिसणारा भाग यांत तोच पेशीप्रकार वेगवेगळ्या अवस्थांत आढळतो, हे त्यातून दिसले, आणि फायब्रोब्लास्ट व्रण घडवणाऱ्या अवस्थेत जाताना आरयूएनएक्स१ हे नियामक प्रथिन महत्त्वाचे असल्याचे पुढे आले. दीपक श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत २०२१ मध्ये दाखवले होते की ताणाखालील हृदयाच्या फायब्रोब्लास्टमध्ये मीऑक्स१ जनुकाजवळचा एक एन्हान्सर उघडतो आणि औषध दिल्यावर तो पुन्हा मिटतो. क्रोमॅटिनचा खुलेपणा परत फिरवता येतो, ही गोष्ट औषधशोधाच्या दृष्टीने फार मोलाची आहे, मात्र माणसात तिची शहानिशा होणे बाकी आहे.

जन्मजात हृदयदोष शंभर जन्मांमागे सुमारे एका बाळात आढळतात आणि त्यांतल्या अनेकांचे आनुवंशिक कारण प्रथिनांच्या मजकुरात सापडत नाही. गर्भावस्थेतील हृदयाचे पेशीनिहाय नकाशे वापरून, प्रत्येक पेशीप्रकारात कोणता अक्षरक्रम डीएनए उघडा ठेवतो हे संगणकीय जाळ्याला शिकवायचे आणि मग रुग्ण बालकांत नव्याने उद्भवलेल्या एकेका अक्षरबदलाने तो खुलेपणा किती ढळेल याचे भाकीत करायचे, असा मार्ग २०२२ मध्ये ‘सेल’मधील अभ्यासाने चोखाळला. भाकितांपैकी एक बदल धमनीच्या अंतस्तर पेशीत काम करतो असे संगणकाने सुचवले होते. मूलपेशींपासून नेमक्या त्याच प्रकारच्या पेशी घडवून तो एन्हान्सर बिघडवला तेव्हा जरिड२ या जनुकाचे काम खरोखरच बदलले. यांखेरीज सबंध शरीराच्या व्यापक नकाशांत हृदयाचा समावेश २०२० आणि २०२१ मध्ये झाला आणि २०२३ मध्ये हृदयाची लय चालवणाऱ्या गाठींसह आठ भागांची नोंद आली; त्यांचा उपयोग मुख्यतः तुलनेसाठी होतो.

या सर्व यशाच्या आत एक अनुमान लपलेले असते, ते सुटे करून पाहणे गरजेचे आहे. उघडी जागा म्हणजे काम करणारी जागा असे नाही. काही तुकडे पुढच्या गरजेसाठी नुसतेच तयार असतात, तर काहींवर जनुकाला दाबून ठेवणारी प्रथिने बसलेली असतात. तुकडा आणि जनुक यांची जोडी बहुधा सहसंबंधावरून लावली जाते, आणि सर्वांत जवळचे जनुक हेच लक्ष्य असेल याची खात्री नसते. सिद्धता जिथे खरोखर मिळाली तिथे ती नकाशानंतरच्या प्रयोगातून मिळाली आहे, आणि असे प्रयोग लाखो तुकड्यांच्या तुलनेत मोजकेच आहेत. प्रयोगशाळेतील मूलपेशीजन्य स्नायुपेशी गर्भावस्थेतील पेशींसारख्या अपक्व असतात; साठ वर्षांच्या मधुमेही माणसाच्या हृदयाची अवस्था त्या दाखवू शकत नाहीत. शिवाय एखाद्या अभ्यासात केंद्रके ऐंशी हजार असली तरी माणसे आठ-दहाच असतील, तर माणसामाणसांतील फरकाविषयी तो अभ्यास फारसे सांगू शकत नाही. या क्षेत्रात केंद्रकांची संख्या मिरवली जाते आणि दात्यांची संख्या पुरवणी तक्त्यात राहते. वाचकाने आधी दुसरी पाहावी, कारण रोगाचा प्रश्न माणसांविषयीचा आहे.

दात्यांचा प्रश्न गोव्यापाशी येऊन ठेपतो. वर उल्लेखिलेल्या अभ्यासांतील मानवी ऊतक प्रामुख्याने अमेरिका व युरोपमधील रुग्णालयांतून आलेले आहे आणि ज्या अक्षरभेदांवर ते ताडले गेले त्यांचे मोठे संग्रहही बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष गोव्यात प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशातील सर्वांत जास्त, असल्याचे सांगतात. दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा अंतस्तर पेशी, फायब्रोब्लास्ट आणि स्नायुपेशी या तिन्हींच्या नियंत्रणावर परिणाम करते. इतक्या मोठ्या प्रमाणात मधुमेह असलेल्या समाजाच्या हृदयपेशींत उघडे तुकडे या नकाशांत आहेत तेच आहेत असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. पेडण्यातल्या माणसासाठी तुये हे उपचाराचे जवळचे ठिकाण आहे, तेथील शंभर खाटांच्या नव्या रुग्णालयाची वाट तालुक्याने वर्षानुवर्षे पाहिली, आणि झटक्याचा गंभीर रुग्ण अखेरीस बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. झटक्याच्या तातडीच्या उपचारासाठीच्या ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पाने लहान केंद्रांत काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञाला लगेच दाखवून, रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तिथल्या तिथे देऊन रुग्णाला बांबोळीला हलवण्याची सोय उभी केली. या व्यवस्थेचा हेतू जीव वाचवण्याचा आहे, पण तिच्यातून वेळेच्या नोंदीसह जमणारे ईसीजी हे संशोधनाच्या दृष्टीनेही दुर्मीळ धन आहे.

स्थानिक नमुन्यांविना काय चुकू शकते, याचा धडा भारताच्याच इतिहासात आहे. हृदयस्नायूतील मायोसिन-बंधक प्रथिनाच्या एमवायबीपीसी३ या जनुकात, प्रथिनाच्या मजकुरामधल्या एका मध्यंतर पट्ट्यात, २५ अक्षरे गळालेली आढळतात. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज यांचा सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवले की ही गळती भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आहे आणि हृदय निकामी होण्याच्या धोक्याशी तिचा संबंध आहे. युरोपीय संग्रहांत ती जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिकडच्या कितीही मोठ्या अभ्यासातून ती सापडली नसती. पण गोष्ट तिथे संपली नाही. वाहकांपैकी बहुसंख्य लोक वय होईपर्यंत धडधाकट राहतात हे कोडे होतेच; २०२० मध्ये झालेल्या फेरतपासणीत असे दिसले की स्नायू जाड होण्याच्या विकाराचा धोका प्रामुख्याने त्याच पट्ट्याबरोबर वारशाने येणाऱ्या दुसऱ्या एका मध्यंतरी अक्षरबदलामुळे वाढतो, जो वाहकांपैकी थोड्यांकडेच असतो. कोट्यवधी भारतीयांना ‘धोक्याचे वाहक’ म्हणून नोंदवण्याआधी दक्षिण आशियाई रुग्णांचीच अक्षरे बारकाईने वाचावी लागली, तेव्हा हा निवाडा झाला. येथे एक तांत्रिक सावधगिरीही आवश्यक आहे: हे दोन्ही बदल आरएनएच्या जोडणीत गडबड करतात, डीएनएच्या खुलेपणात नव्हे, त्यामुळे खुलेपणाच्या नकाशाने ते ओळखले नसते. मजकुराबाहेरचे सगळेच दोष एन्हान्सरचे नसतात, आणि एटॅक-सीकला प्रत्येक कुलपाची किल्ली समजणे चूक आहे.

गोव्यासारख्या प्रदेशाला आणखी एक कारण लागू होते. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधील अभ्यासाने दक्षिण आशियातील २६०हून अधिक समूहांचा डीएनए पाहून ८१ समूह असे दाखवले की ज्यांचे मूळ फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही कमी पूर्वजांत आहे; शतकानुशतके जातीअंतर्गत लग्ने होत आल्याचा हा परिणाम. अशा समूहांत एरवी दुर्मीळ असलेला अक्षरभेद पुष्कळांकडे सापडू शकतो, आणि म्हणून त्याचा हृदयावरील परिणाम लहान नमुन्यातही पारखता येतो. थंगराज यांच्याच गटाने २०२१ मध्ये गोवा, कुमठा व मंगळूर येथील रोमन कॅथलिकांच्या वंशेतिहासाचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. ‘जीनोम इंडिया’ उपक्रमाने ८३ समूहांतील सुमारे दहा हजार भारतीयांचा डीएनए वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली. अक्षरांची नोंद अशी वाढत असताना, ती अक्षरे हृदयाच्या कोणत्या पेशीत उघडी आहेत हे भारतीय ऊतकावरून सांगणारी तेवढ्या तोलाची नोंद मात्र तयार झालेली नाही.

पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर यांनी जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने, पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीच्या सहकार्याने, २०१९ मध्ये ‘मानव’ हा मानवी ऊतकांविषयीच्या प्रकाशित ज्ञानाची सूत्रबद्ध नोंद करण्याचा उपक्रम हाती घेतला आणि त्वचेपासून सुरुवात केली. हे काम उपयुक्त आहे, पण ते प्रकाशित ज्ञानावर उभे आहे. त्याला ताज्या ऊतकाची जोड मिळाली तरच रिकामी जागा भरेल. ऊतक कुठून मिळेल, या प्रश्नाला मुंबई हे एक उत्तर आहे. केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, रुग्ण काही तासच जगला, आणि त्याच रुग्णालयात २०२४ मध्ये हे काम पुन्हा सुरू झाले. काढून टाकलेले निकामी हृदय हाच जगभरच्या अभ्यासांचा मुख्य स्रोत राहिला आहे. दुसरा स्रोत अधिक सुलभ आहे आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हृदय तात्पुरते थांबवून करावयाच्या शस्त्रक्रियेत यंत्राची नळी घालताना उजव्या अलिंदाच्या टोकाचा छोटासा तुकडा बहुधा काढला जातो, आणि एरवी तो टाकून दिला जातो. संधिवाती तापाने झडपा खराब झालेले रुग्ण भारतात अजूनही शस्त्रक्रियेसाठी येतात, तर पाश्चात्त्य रुग्णालयांत हा रोग विरळा झाला आहे; एट्रियल फिब्रिलेशनचे भारतीय रूप पुष्कळदा या झडपांच्या रोगातून उद्भवते, आणि ते सॅन दिएगोच्या नकाशात दिसण्याचा संभव कमी आहे.

तुकडा मिळाला तरी परवानगीचा प्रश्न राहतो आणि तो गोव्याच्या लहान गावांत अधिक नाजूक आहे. एटॅक-सीकमध्ये वाचलेले तुकडे दात्याची स्वतःची अक्षरे घेऊनच येतात, म्हणून खुलेपणाची कच्ची माहिती ही ओळख पटवू शकणारी आनुवंशिक माहितीही असते. मोजक्या घराण्यांच्या वाड्यावर नाव पुसून ती निनावी होत नाही. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३चा वैयक्तिक माहितीविषयक कायदा यांचा आधार घेऊन संमती मागावी लागेल, ती रुग्णाला समजेल अशा कोकणी-मराठीत मागावी लागेल, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी, धास्ती नसलेल्या वेळी मागावी लागेल.

यंत्रांचा आणि वाचनाचा खर्च मोठा आहे, आणि तो लहान राज्याने एकट्याने उचलण्याचे कारण नाही. जगातील नकाशांची बरीचशी माहिती मुक्तपणे उपलब्ध असल्यामुळे तिचे विश्लेषण गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरच्या बिट्समध्ये आजही सुरू होऊ शकते. प्रत्यक्ष नमुन्यांसाठी आवश्यक गोष्टी साध्या पण काटेकोर आहेत: तुकडा काही मिनिटांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे, तो उणे ८० अंशांवर अखंड ठेवणे, आणि त्याच्याबरोबर रुग्णाची खरी नोंद असणे. ही शेवटची गोष्ट बांबोळीला शस्त्रक्रियेच्या दिवशी तयार होत नाही. मधुमेह किती वर्षे आहे, नाडीची अनियमितता प्रथम कधी नोंदली गेली, आई-वडिलांपैकी कोणाचा मृत्यू अकाली झाला, कोणते औषध नियमित चालू होते, हे सारे तुये, पेडणे, डिचोली येथील बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे लिहिले जाते किंवा लिहायचे राहून जाते. दहा वर्षांचा मधुमेह असलेल्या आणि मधुमेह नसलेल्या, सारख्या वयाच्या, तीस-चाळीस गोमंतकीय रुग्णांचे अलिंदाचे तुकडे अशा नोंदीसह उपलब्ध झाले, तर मधुमेहाने अंतस्तर पेशींतील कोणते तुकडे उघडे ठेवले किंवा मिटवले आणि त्यांतले कोणते औषधोपचाराने पूर्ववत झाले, हा सध्या कोणत्याही नकाशात उत्तर नसलेला प्रश्न मोजता येण्याच्या टप्प्यात येईल.